मातकट जिन्याचे मालक

माझ्या बहिणीच्या घरात नऊ जिने होते आणि त्यांतला एकही कुठे जात नव्हता. नऊही तिच्या नवऱ्याचे, म्हणजे माझ्या भाऊजींचे. पुढच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ते ओळीने उभे असायचे. प्रत्येकाला वेगळी प्लास्टिकची पिशवी आणि सगळ्यांना मिळून एक जाड पडदा, ऊन लागू नये म्हणून. समोरच्या खिडकीला पडदा नाही. घरातल्या माणसांना ऊन लागलं तरी चालतं.

जिने म्हणजे एकाच रेकॉर्डच्या नऊ प्रती. रेकॉर्डचं नाव ‘पाण्याखालचा जिना’. ती काढणाऱ्या बँडचं नाव ‘चार खुर्च्या’, आणि बँडमध्ये माणसं पाच होती. पाचवा कुठे बसायचा हे कोणी विचारलं नाही, कारण त्या बँडला मुळात कोणी काही विचारलंच नाही. रेकॉर्ड निघाली, दुकानांत महिनाभर उभी राहिली, मग आडवी झाली, मग खोक्यात गेली. पाचही जण आपापल्या पोटापाण्याला लागले.

सायकेडेलिक रॉक हा प्रकार ज्यांच्या वाट्याला आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात गिटार एका कानातून आत शिरते, डोक्यात वाट चुकते आणि दुसऱ्या कानातून बाहेर येते तेव्हा चिंब भिजलेली असते. मधेच कोणीतरी घंटा वाजवतं. शब्दांचा अर्थ लागत नाही, आणि चुकून लागला तर फसवणूक झाल्यासारखं वाटतं.

भाऊजी वीज कंपनीच्या मीटर तपासणी खोलीत नोकरीला होते. जुन्या मीटरच्या पोटात ॲल्युमिनियमची एक चकती असायची, तिच्या कडेवर एक काळी खूण. वीज वाहिली की चकती फिरायची. भाऊजी टेबलावर मीटर लावून, हातात स्टॉपवॉच धरून त्या खुणेकडे बघत बसायचे. खूण समोर आली की एक. पुन्हा आली की दोन. अपेक्षेपेक्षा लवकर आली तर मीटर जलद, उशिरा आली तर मंद, दोन्ही नापास. नापास मीटरच्या गळ्यात तारेने लाल चिठ्ठी. दिवसभर हे एवढंच. उभ्या आयुष्यात माणसाने एवढ्या चकत्या फिरताना बघितल्या की त्याने संध्याकाळी घरी येऊन झाडांना पाणी घालावं, पत्ते खेळावेत, निदान बायकोशी भांडावं. भाऊजी घरी येऊन रेकॉर्ड लावायचे आणि ती फिरताना बघत बसायचे.

नोकरीतला त्यांचा एक किस्सा घरात सगळ्यांना पाठ होता. एका म्हातारीचं मीटर मंद निघालं. बिल कमी येत होतं, म्हातारी खूश होती. भाऊजी मीटर काढायला गेले तर तिने दारात खुर्ची टाकली आणि त्यात बसून राहिली. म्हणाली, “माझं हळूहळू बरं चाललं होतं रे बाळा. कोणाचं काय अडलं होतं?” भाऊजींनी तिला नियम सांगितला. नापास मीटर ग्राहकाच्या घरात एक दिवससुद्धा ठेवता येत नाही. मग तिला खुर्चीसकट बाजूला करून त्यांनी मीटर काढलं. हा किस्सा सांगताना ते खुर्ची उचलायची नक्कल करायचे आणि स्वतःच हसायचे. आम्हीही हसायचो. जावई माणूस.

रेकॉर्ड त्यांच्याकडे आली ती ऐकून नव्हे, बघून. एक दुकान बंद होत होतं, त्याच्या दारातल्या खोक्यात वर ही पडलेली. कव्हरवर पाण्यात उतरत जाणारा जिना. चित्रकाराने तो हिरवा काढला होता, पण छापखान्यात शाईची काहीतरी गडबड झाली आणि जिना निघाला मातकट. पुढे छापखान्याने चूक सुधारली आणि हिरवे जिने छापले. आता गंमत अशी, की हिरव्या जिन्याला आज कोणी विचारत नाही आणि मातकटासाठी मोठमोठी माणसं एकमेकांशी बोलणं सोडतात. रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या जगात चुकीला मान आहे. अट एवढीच, की चूक छापखान्याची असावी. घरी केलेल्या चुकीला तिथेही कोणी विचारत नाही.

रेकॉर्ड घेतली तेव्हा भाऊजींकडे ती वाजवायला मशीन नव्हतं. ते आलं लग्नात. परदेशी गेलेल्या एका काकाने तिकडचा रेकॉर्ड प्लेयर आहेर म्हणून पाठवला. तिकडच्या विजेचा दाब इकडच्यापेक्षा कमी. दुसरा कोणी असता तर त्याने प्लग लावून मशीन जाळलं असतं. पण भाऊजी पडले विजेच्या खात्यातले. त्यांनी दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर स्वतः बसवला, लोखंडी पेटीत, स्क्रू लावून, आणि सासरच्या माणसांसमोर बटण दाबलं. मशीन फिरलं. आमचे वडील म्हणाले, “पोरीने नशीब काढलं.” वडिलांना संगीतातलं काही कळत नव्हतं आणि विजेतलंही.

त्या दिवसापासून त्या मशीनवर एकच रेकॉर्ड वाजली. अधूनमधून प्रत बदलायची, एवढाच फरक. हिरवी, मातकट, जाड रेकॉर्डवाली, निळी पारदर्शक, मागच्या फोटोत ड्रमवाल्याचं अर्धं तोंड कापलं गेलेली. या शेवटच्या प्रतीला पूर्ण तोंडवालीपेक्षा जास्त किंमत. आणि एक मातकट प्रत कोरी, कारखान्यातून निघाली तशी, पातळ प्लास्टिकसुद्धा न फाडलेली. तिच्या आत रेकॉर्ड आहे की कोणाची लग्नपत्रिका, हे आजतागायत कोणाला माहीत नाही. ऐकलेली रेकॉर्ड ही वापरलेली असते, न ऐकलेली ती संग्राह्य. संगीतावरच्या प्रेमाची ही पायरी चढायला मला जमलेली नाही.

“दुसरं काही लावा की हो कधी,” ताई म्हणायची.

“लावलं की. आज निळी आहे.”

ताईने त्या रेकॉर्डवर लेक वाढवली, निवृत्तीपर्यंत शाळेच्या कचेरीत नोकरी केली, दोन आजारपणं काढली. गाणारा माणूस विहिरीच्या तळाशी बसून वरच्यांना हाका मारतोय असा आवाज यायचा. ड्रम एवढे सावकाश पडायचे की दोन ठोक्यांच्या मधे ताई भांडं विसळून ठेवायची. तिला पहिली बाजू संपत आल्याचं कुकरच्या शिट्टीवरून कळायचं.

मला मात्र भाऊजी समोर बसवून शिकवायचे. “सूर ऐकू नकोस. दोन सुरांमधली जागा ऐक. आता हा ठोका बघ. पडायच्या आधी थांबतो. विचार करतोय.”

“कसला विचार?”

“तेच ऐकायचं.”

मी ऐकायचो. खोटं कशाला बोलू, कधीकधी मलाही वाटायचं की तो ठोका विचार करतोय.

बाहेर कुठे ही रेकॉर्ड भाऊजींच्या कानावर पडली की त्यांचं डोकं फिरायचं. जमवणाऱ्यांच्या मंडळात, तिथे त्यांना सगळे ‘जिनेवाले’ म्हणत, एकदा दुसऱ्या कोणीतरी आपल्या मशीनवर ती लावली. भाऊजी दोन मिनिटांत उठून आले. “त्याचं मशीन पळतंय,” म्हणाले. पुढे भाचीने कोणीतरी इंटरनेटवर चढवलेली तीच गाणी फोनवर लावून दाखवली. “बाबा, हे बघा, यात तो माणूस खारीसारखा गातोय.” भाऊजींनी शांतपणे सांगितलं, की चढवणाऱ्याचंही मशीन पळतंय. हळूहळू त्यांचं असं ठाम मत झालं, की जगातली सगळी मशीनं पळतात. घाईचा काळ आहे.

सगळ्या जगाची मीटरं जलद आणि आपलं एकट्याचं बरोबर, ही खात्री व्हायला माणसाला नोकरीत एवढ्या चकत्या मोजाव्या लागतात का, हे मला सांगता येणार नाही. जन्मभर ज्याने दुसऱ्यांच्या घरातल्या चकत्या तपासल्या, त्याने स्वतःच्या घरातल्या चकतीवर कधी घड्याळ लावलं नाही. घरच्यांवर कोण संशय घेतं?

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी दाढीवाला आला. जुन्या विसरलेल्या रेकॉर्ड नव्याने काढणारी एक छोटी कंपनी त्याने सुरू केली होती, म्हणजे तो आणि त्याचा लॅपटॉप. ‘पाण्याखालचा जिना’ पुन्हा काढायचा होता. मूळ टेप हरवलेली. चांगल्या अवस्थेतली मातकट प्रत हवी होती, तिच्यावरून नवी रेकॉर्ड करणार. भाचीच्या ओळखीतून तो घरी पोचला. कपाटाचा पडदा सरकवल्यावर त्याने आवाज खाली आणला आणि चपला दाराबाहेर काढून आला.

“काका, तुम्ही आत छापायला लेख लिहाल का? तुमच्या नावाने?”

भाऊजींनी आयुष्यात नाव छापलेलं बघितलं होतं ते दोनदा, लग्नपत्रिकेवर आणि निवृत्तीच्या समारंभाच्या फलकावर. उठून आत गेले, पाणी प्याले, परत आले. मग महिनाभर लिहीत होते. मला रोज फोन. “‘खोल’ला दुसरा शब्द काय रे?” लेखाचं नाव ‘संथपणाचं धाडस’. अकरा पानं. त्यात म्हटलं होतं, की सगळं जग धावत असताना या पाच तरुणांनी थांबण्याचं धैर्य दाखवलं, म्हणून जग त्यांना विसरलं. दाढीवाल्याने लेख वाचला, डोळे पुसले आणि एक पान ठेवून बाकीची कापायला सांगितली. भाऊजींनी तेही मान्य केलं. त्यांचं नाव त्या रेकॉर्डच्या पोटात कायमचं जाणार होतं. त्या बदल्यात त्यांनी स्वतःचं तोंडही अर्धं कापून दिलं असतं.

मग मातकट प्रत नेऊन दाढीवाल्याने नवी नक्कल भाऊजींच्या फोनवर ऐकायला पाठवली. भाऊजींनी ती ऐकली आणि त्याला फोन लावला.

“हे काय केलंत तुम्ही? पळवलीत.”

“नाही काका, बरोबर वेग आहे. स्टुडिओतलं मशीन आहे.”

“सगळे असंच म्हणतात. मी वेगाच्याच खात्यात होतो. मला शिकवू नका.”

दाढीवाला गोंधळला. लेख वाचून त्याने जाहिरात केली होती, ‘संथपणाचं धाडस’ मोठ्या अक्षरांत टाकून, आणि आता त्याच्याकडे नक्कल होती ती एका टणाटण उड्या मारणाऱ्या बँडची. वेग कमी केल्याशिवाय लेखाखाली नाव घालू देणार नाही, हे भाऊजींचं म्हणणं. लेखाशिवाय रेकॉर्ड काढावी लागेल, हे त्याचं. शेवटी ठरलं असं, की बँडच्या गायकालाच घरी बोलवायचं, मातकट प्रत भाऊजींच्या मशीनवर लावायची, आणि तो म्हणेल तो वेग.

गायक एका रविवारी दुपारी आला. तो आता फरश्या आणि नळ विकत होता. भला दांडगा माणूस. आल्या आल्या चपलेच्या टोकाने त्याने पुढच्या खोलीची फरशी ठोकून बघितली.

“पोकळ वाजतेय,” तो ताईला म्हणाला. “खाली माल कमी घातलाय. कोणी बसवली?”

“यांनीच माणूस आणला होता.”

“तरीच.”

भाऊजींना हे ऐकू आलं नाही. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. कापडाने रेकॉर्ड पुसली, दोन बोटांनी कडेला धरून ठेवली, पिन उतरवली आणि गायकाच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. ताई, भाची, दाढीवाला आणि मी, असे आम्ही भिंतीला टेकून. विहिरीच्या तळातला माणूस हाका मारू लागला.

फरशीवाला बराच वेळ ऐकत होता. मग त्याने विचारलं, “हा कोण गातोय?”

“तुम्ही,” भाऊजी म्हणाले.

“मी? मला सर्दीसुद्धा कधी अशी झाली नाही.”

भाची तोंडावर ओढणी धरून खिडकीकडे वळली.

“नीट ऐका,” भाऊजी म्हणाले. “दोन सुरांमधली जागा ऐका.”

“अहो, जागा कसली? आम्ही हे नाचायला केलं होतं. स्टुडिओचं भाडं तासावर होतं. एवढं सावकाश वाजवलं असतं तर पहिल्याच गाण्यात घरी जावं लागलं असतं.”

“तुम्हाला आठवत नसेल. बरीच वर्षं झाली.”

“वर्षं झाली, खरं. पण आवाज माझा होता ना? बारीक होता हो. पोरं मला पिपाणी म्हणायची.”

भाऊजी दुखावले, पण डगमगले नाहीत. साहेबांसमोर तक्रारदाराला गप्प करायची सवय त्यांना होती. “आठवणीवर जायला नको,” ते म्हणाले. “मोजू. मशीन खोटं बोलत नाही.”

ते आतून स्टॉपवॉच घेऊन आले. निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिलेलं, डबीतून कधी न काढलेलं. रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर काळ्या चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावला. खुर्ची ओढून समोर बसले, पाठ ताठ, अंगठा बटणावर. त्या क्षणी ते मला एकदम तरुण वाटले. त्यांचे ओठ हलत होते. खूण समोर यायची, जायची. फरशीवालासुद्धा फरशीकडे बघायचा थांबला.

एकदा मोजलं. बटण दाबलं. घड्याळाकडे बघितलं. पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. खात्यात तीनदाच मोजायची रीत होती.

“काय आलं?” दाढीवाल्याने विचारलं.

मला वाटलं, आता ते घड्याळाला नावं ठेवतील. तेवढी मोकळीक माणसाने स्वतःला द्यायला हरकत नव्हती. आकडा फक्त त्यांनाच दिसत होता. ते ‘बरोबर आहे’ म्हणाले असते तर दाढीवाल्याने मुकाट्याने वेग कमी केला असता, लेख छापला गेला असता आणि फरशीवाल्याचं कोणी ऐकलं नसतं.

“मंद,” भाऊजी म्हणाले. खात्यातला आवाज होता तो, कोरडा. “शंभराला जवळजवळ सतरा. नापास.”

मग त्यांनी मशीन बंद केलं, रेकॉर्ड पिशवीत घातली आणि मशीन उचलून उलटं केलं. तळाला पत्र्याची एक छोटी पट्टी होती. त्यांनी ती अंगठ्याने पुसली आणि वाचली. बराच वेळ वाचत राहिले, एवढीशी पट्टी.

“काय लिहिलंय बाबा?” भाचीने विचारलं.

“साठ.”

“म्हणजे?”

“तिकडची वीज सेकंदाला साठ ठोके मारते. आपली पन्नास. मोटर ठोक्यांवर फिरते.” त्यांनी मशीन सरळ केलं. “मी दाब उतरवला. ठोके तसेच राहिले.”

आपल्याकडच्या प्रत्येक मीटरच्या तोंडावर पन्नासचा आकडा छापलेला असतो. तो वाचून दाखवणं हे त्यांच्या तपासणीतलं पहिलं काम होतं.

ताईला हे सगळं कळायला थोडा वेळ लागला. मग तिने एकेक शब्द सुटा करून विचारलं, “म्हणजे लग्नापासून मी जे ऐकतेय, ते ही रेकॉर्ड नाहीच?”

“रेकॉर्ड हीच. वेग हा नाही.”

“मग जो आहे तो लावा तरी एकदा. बघू दे मला, कोणाबरोबर संसार केला.”

दाढीवाल्याने लॅपटॉप उघडला. गाणं सुरू झालं आणि खोलीत पाच पोरं घुसल्यासारखी झाली. गिटार भिजलेली होती, पण आता ती अंग झटकत होती. घंटा वाजवणारा सायकलवर असावा. पिपाणी आवाज वर चढला आणि फरशीवाला मोठ्यांदा त्याच्याबरोबर गाऊ लागला, पोट हलवत, शब्द विसरत. ताईचा पाय पोकळ फरशीवर ठेका धरत होता. तिला ते कळलं तेव्हा तिने पायाकडे बघितलं आणि तरी थांबवला नाही.

“हे चांगलं आहे की,” ती म्हणाली. “हे असतं तर मी कशाला बोलले असते?”

भाऊजी चुकीच्या बसमध्ये चढलेल्या आणि पुढचा थांबा लांब असलेल्या माणसासारखे बसले होते.

दाढीवाल्याचं डोकं मात्र चालू झालं होतं. गाणं संपताच तो भाऊजींच्या खुर्चीशी उकिडवा बसला. “काका, हे तर सोनं आहे. आपण दोन्ही काढू. एक साधी आणि एक तुमच्या मशीनवरची. थोड्याच प्रती, धुरकट रंगाची रेकॉर्ड. ‘खोल आवृत्ती’. त्यात तुमचा लेख पूर्ण. अकराही पानं. कव्हरवर तुमचं नाव.”

“कव्हरवर?” भाऊजींनी विचारलं.

“पुढे. बँडच्या नावाखाली.”

भाऊजींनी मान वर केली. ताईने माझ्याकडे बघितलं. तिला ‘संथपणाचं धाडस’मधलं एक वाक्यही पटलं नव्हतं, पण आत्ता तिच्या तोंडावर सरळ लिहिलेलं होतं, की हो म्हणा.

“आणि त्यावर मीटर मंद होतं असं लिहाल?” भाऊजींनी विचारलं.

“असं कोण लिहितं काका? थोडं गूढ राहू द्यायचं. लोकांना शोधू द्यायचं. तुम्हाला माहितीये ना, मातकट जिना का चालतो?”

“तो छापखाना चुकला. त्यांनी मुद्दाम नाही केलं.”

“तुम्ही तरी कुठे मुद्दाम केलंत?”

हे बिनतोड होतं. भाऊजी त्यावर विचार करत राहिले, त्या ड्रमच्या ठोक्यासारखे.

“आत्तापर्यंत नाही केलं,” शेवटी ते म्हणाले. “आता केलं तर मुद्दाम होईल. नापास झालेलं मीटर दुसऱ्याच्या घरी बसवत नाहीत.”

“आणि लेख?”

“लेख त्या मशीनवर आहे. रेकॉर्डवर नाही. परत द्या.”

फरशीवाला जाताना भाऊजींचा खांदा दाबून म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या मशीनवर मी जरा मोठा माणूस वाटलो.” मग ताईला म्हणाला, “फरशीचं बघा. मी सवलतीत देईन.”

पुढे नवी रेकॉर्ड निघाली. दाढीवाल्याने जिना मातकटच छापला, या वेळी ठरवून, आणि लोकांनी दोन आठवड्यांत सगळ्या प्रती उचलल्या. लेखाच्या जागी फरशीवाल्याचा तरुणपणीचा फोटो. मागे अगदी खाली एक ओळ, ‘रेकॉर्ड उसनी दिल्याबद्दल एका संग्राहकाचे आभार’. नाव घालायला जागा उरली नव्हती, दाढीवाल्याने कळवलं, जिना मोठा आला. भाऊजींनी दोन प्रती विकत घेतल्या. एक ऐकायला, एक न उघडता ठेवायला. घरात आता अकरा जिने आहेत. शहाणपण येतं ते एकाच बाजूने येतं, सगळीकडून येत नाही.

ऐकायची प्रत ताईने ताब्यात घेतली. भाचीने तिला छोटं नवं मशीन आणून दिलं, इकडच्या विजेवर चालणारं. ते आतल्या खोलीत असतं. ताई भाजी निवडताना ती लावते आणि पिपाणीबरोबर गुणगुणते. शेजारच्या बाईंनाही आवडली. आयुष्यभर जी रेकॉर्ड दुर्लक्षित म्हणून भाऊजींनी छातीशी धरली, तिला शेवटी चाहता मिळाला तो कपाटाच्या पलीकडच्या खोलीत.

परवा रविवारी गेलो तर आत ताईचं चाललं होतं आणि बाहेर भाऊजी वर्तमानपत्र धरून बसले होते, वाचत नव्हते. जुनं मशीन जागेवरच. त्याच्या झाकणाच्या बिजागरीला तारेने लाल चिठ्ठी बांधलेली, खात्यातली, तारीख घालून, सही करून. ‘मंद. नापास.’ खाली त्यांचं पूर्ण नाव. म्हातारीचा किस्सा त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही. खुर्चीची नक्कलही नाही.

आतल्या रेकॉर्डची बाजू संपली. ताई शेजारी गेल्याचं दार वाजलं. भाऊजींनी पेपर बाजूला ठेवला, उठून आतल्या खोलीचं दार लोटलं, पडदा सरकवला आणि एक मातकट जिना काढला. कडेला दोन बोटांनी धरून रेकॉर्ड मशीनवर ठेवली. लाल चिठ्ठी हलली.

“भाऊजी,” मी म्हणालो, “नापास मीटर घरात एक दिवससुद्धा ठेवायचं नाही ना?”

“नाही.”

“मग हे?”

त्यांनी पिन हातात धरून ठेवली होती.

“मुदतवाढीचा अर्ज आलाय,” ते म्हणाले. “ग्राहक वयस्कर आहे. विचार चालू आहे.”

आणि त्यांनी पिन उतरवली. विहिरीच्या तळातला माणूस हळूच घसा खाकरल्यासारखा झाला. मग पहिला ठोका पडायच्या आधी थांबला.